पंच, पडदा आणि प्रामाणिकपणा



ज्या शाळेच्या पटावर कधी काळी आपले नाव होते, त्या शाळेने सत्तरी उलटल्यावर पुन्हा हाक मारावी आणि 'उभा राहा, बोल' असे सांगावे, यापरते भाग्य शिक्षकी पेशात हयात घालविलेल्या माणसाला दुसरे कोणते असणार? या निमंत्रणाबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे सर आयुष्यभर याच मैदानावर गळ्यात शिट्टी अडकवून वावरले. त्यांच्या वर्गात फळा नव्हता, खडू नव्हता. होती ती तांबडी माती, चुन्याची फक्की आणि खानापूरचा न थांबणारा पाऊस.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा नवकवितेवर बोलावे, अशी अपेक्षा असते. पण सरांच्या नावाने बोलायचे आणि खेळाचे नाव काढायचे नाही, हे मला कृतघ्नपणाचे वाटले. म्हणून मी आज फुटबॉलमधील पंचांचा निर्णय आणि त्याच्या मदतीला आलेला चित्रफितीचा पडदा यांविषयी बोलणार आहे. विषय खेळाचा दिसला, तरी त्याचे मूळ न्यायात आहे. आणि त्यातला एक भाग माझ्या स्वतःच्या आयुष्यातला आहे. तो मी शेवटी सांगेन. गेली कित्येक वर्षे तो या मैदानावर येऊन बोलावयाचा राहून गेला आहे.

आरंभ शब्दापासून करतो, कारण सवय सुटत नाही. इंग्रजीत क्रिकेटसाठी एक शब्द आणि फुटबॉलसाठी दुसरा. मराठीने दोघांनाही एकच नाव दिले, 'पंच'. पंच म्हणजे पाच. 'पाचामुखी परमेश्वर' असे आपण म्हणतो, त्यातलेच हे पाच. याचा अर्थ असा की, आपल्या पूर्वजांच्या कल्पनेत निर्णय देणारा माणूस एकटा नव्हता. मराठेशाहीत गावातील तंटा गोतसभेपुढे जाई, साक्षीपुरावे होत, निकालाचा महजर लिहिला जाई. हरलेल्या पक्षाला निकाल पटला नाही, तर तंटा दुसऱ्या थळाकडे नेण्याची सोयही होती. पुनर्विचाराची कल्पना आपल्याला परकी नाही, ती आपल्या कागदपत्रांत जुनीच आहे.

त्या व्यवस्थेतील दोन गोष्टी आजच्या विषयाशी जवळच्या आहेत. पहिली गोष्ट शिवेच्या वादाची. दोन गावांमध्ये शिवेवरून भांडण झाले की, गावच्या वतनदार महाराची साक्ष फार मोलाची मानली जाई. शीव कोठून जाते, कोणता दगड कोणी हलविला, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे. ज्याला गावाने वेशीबाहेर राहावयास लावले, त्याच्याच शब्दावर गाव आपली शीव ठरवीत असे. यातील अन्याय विसरू नये आणि त्या साक्षीदाराची सचोटीही विसरू नये. रेषेवर उभे राहून खरे सांगणारा माणूस हा न्यायाचा पहिला आधार होय. दुसरी गोष्ट दिव्याची. साक्षीपुराव्याने निकाल लागेना, तेव्हा उकळत्या तेलातून धातूचा रवा हाताने काढावयाचा. हात भाजला की तो माणूस खोटा. माणसाच्या शब्दावरचा विश्वास उडाला की समाज असे काहीतरी शोधतो, जे माणसाहून वरचे आहे आणि ज्याच्यापुढे वाद चालत नाही. आजच्या पडद्याकडे पाहताना मला पुष्कळदा त्या दिव्याची आठवण येते. ती का येते, हे पुढे स्पष्ट होईल.

आता मैदानाकडे वळू. फुटबॉलच्या नियमात गोल होण्याची अट अगदी साधी आहे. संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली पाहिजे. चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटीमीटर, म्हणजे व्यास सुमारे २२ सेंटीमीटर. त्यातला बोटभर भाग जरी रेषेच्या वर राहिला, तरी गोल नाही. हा निवाडा धावत्या पंचाने क्षणार्धात करावयाचा असतो. ३० जुलै १९६६ रोजी वेम्बली येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. तो आत पडला की रेषेवर, याचा वाद जर्मनीत आजही संपलेला नाही. पंचांनी रेषापंच तोफिक बहरामोव्ह यांना विचारले, त्यांनी मान हलविली आणि गोल झाला. १९८६ साली मेक्सिकोत मॅराडोनाने हाताने चेंडू जाळ्यात घातला. तो पंचांना दिसला नाही, जगाला दिसला. २७ जून २०१० रोजी ब्लोमफाँटेन येथे इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडून बाहेर आला, तरी गोल मिळाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरात फ्रान्सच्या थिएरी आन्‍रीने हाताने चेंडू अडविला, त्यातून झालेल्या गोलावर फ्रान्स विश्वचषकाला गेला आणि आयर्लंड घरी राहिला.

या प्रसंगांत चूक झाली याचे आश्चर्य नाही. पंच हा माणूस आहे. नवे काय घडले होते, ते लक्षात घ्या. पूर्वी पंच चुकला तर मैदानावरच्या काही लोकांनाच संशय येई. दूरचित्रवाणी आल्यावर ती चूक पुन्हा पुन्हा, सावकाश, सर्व बाजूंनी घराघरांत दिसू लागली. ज्याला निर्णय द्यावयाचा, त्या एका माणसाला सोडून बाकी सर्वांना सत्य दिसत होते. ही स्थिती फार काळ टिकणारी नव्हती.

क्रिकेटने हे आधी ओळखले. त्या इतिहासात एका मराठी खेळाडूचे नाव गंमतीच्या रीतीने कोरले गेले आहे. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी दर्बान येथील कसोटीत जाँटी ऱ्होड्‌सच्या फेकीवर धावचीतचे अपील झाले. मैदानावरील पंचांनी निर्णय आत बसलेल्या तिसऱ्या पंचाकडे सोपविला आणि त्याने पडद्यावर पाहून फलंदाजाला बाद दिले. अशा रीतीने कसोटी क्रिकेटमध्ये बाद होणारा जगातला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. पुढे २००८ साली दाद मागण्याची पद्धत भारत आणि श्रीलंका यांच्या मालिकेत आजमावली गेली. आपल्या क्रिकेट मंडळाला मात्र ती पटावयास २०१६ साल उजाडावे लागले.

फुटबॉलला उशीर झाला, त्याला कारण आहे. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर खेळ आपोआप थांबतो. फुटबॉल मलप्रभेच्या श्रावणातल्या पाण्यासारखा, थांबविल्याशिवाय थांबत नाही. तरी २०१२ च्या जुलैत गोलरेषेच्या यंत्रणेला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात ती वापरली गेली. चेंडूने रेषा ओलांडली की एका सेकंदाच्या आत पंचांच्या मनगटावरील घड्याळात सूचना येते. ३ मार्च २०१८ रोजी व्हिडिओ सहायक पंचाची पद्धत नियमांत आली आणि त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात तिचा वापर झाला. आद्याक्षरांवरून लोक तिला 'व्हीएआर' म्हणतात.

तिचे स्वरूप थोडक्यात सांगतो. मैदानाबाहेरच्या खोलीत काही पंच अनेक कॅमेऱ्यांची चित्रे पाहत बसतात. २०१८ साली त्यांना चारच प्रसंगी बोलण्याची मुभा दिली गेली : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि एकाची शिक्षा चुकून दुसऱ्याला झाली तर. तेही केव्हा? चूक उघड आणि स्पष्ट असेल तेव्हा. चित्र सावकाश दाखवावयाचे ते चेंडू कोठे लागला, पाय कोठे होता, असल्या गोष्टी ठरविण्यासाठी. धक्का किती जोराचा होता हे ठरवावयाचे असेल, तर चित्र मूळ वेगानेच पाहावयाचे. सावकाश दाखविलेल्या चित्रात साधा स्पर्शही हेतुपुरस्सर केलेल्या घावासारखा दिसतो. आणि अखेरचा शब्द मैदानावरील पंचाचाच. मला या नियमांत शहाणपण दिसते. ते करणाऱ्यांना ठाऊक होते की डोळ्याला दिसणे निराळे आणि बुद्धीने ठरविणे निराळे.

आता आपल्या घरची हकिगत. ११ जून २०२४ रोजी कतारमधील दोहा येथे भारताचा विश्वचषक-पात्रता सामना होता. पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात सुनील छेत्री आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला होता. हा सामना जिंकल्यास भारत प्रथमच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत जाणार होता. ३७ व्या मिनिटाला छांगटेने गोल केला. ७३ व्या मिनिटापर्यंत भारत पुढे होता. मग कतारच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू आपला गोलरक्षक गुरप्रीत सिंग याने अडविला, आणि तो सरपटत गोलखांबाच्या बाजूने अंतिम रेषेच्या बाहेर गेला. आपले खेळाडू थबकले, कारण खेळ थांबणार हे त्यांनी गृहीत धरले. कतारच्या एका खेळाडूने तो बाहेरून पायाने आत ओढला, दुसऱ्याने जाळ्यात मारला, आणि पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हीएआरची सोय नव्हती. पुढे आणखी एक गोल होऊन भारत २-१ असा हरला. तक्रार झाली, चौकशीची मागणी झाली, निकाल तसाच राहिला.

चेंडू बाहेर गेला होता, हे चित्रफितीत लहान मुलालाही दिसत होते. येथे कोणतेही मतभेदाचे कारण नव्हते, कोणताही बारकावा नव्हता. एक पडदा आणि एक मिनिट एवढ्यावर तो अन्याय टळला असता. म्हणून जे लोक म्हणतात, 'चुका हा खेळाचाच भाग आहे, यंत्रे कशाला हवीत', त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. ज्याच्या वाट्याला चूक येत नाही, त्याला ती खेळाचा भाग वाटते. ज्याच्या वाट्याला येते, त्याची कित्येक वर्षांची मेहनत तेथे संपते.

परंतु एवढ्यावर थांबलो, तर ते अर्धसत्य होईल. याच्या उलट बाजूचा प्रसंग इंग्लंडमधला आहे, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने तो अभ्यासावा असा आहे. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांचा सामना चालू होता. लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला, रेषापंचाने ऑफसाइडचा झेंडा वर केला. खोलीतल्या पंचाने पडद्यावर रेषा आखून पाहिले : डियाझ ऑफसाइड नव्हता, गोल योग्य होता. यंत्राने आपले काम चोख केले होते. पण खोलीतल्या माणसाचा समज असा झाला होता की, मैदानावर गोल दिलेलाच आहे. म्हणून त्याने 'तपासणी पूर्ण' एवढेच कळविले. मैदानावरील पंचाने त्याचा अर्थ घेतला, 'ऑफसाइड कायम'. खेळ पुन्हा सुरू झाला. काही सेकंदांत खोलीत चूक उमगली, पण सुरू झालेला खेळ त्यासाठी थांबविण्याची नियमात सोय नव्हती. लिव्हरपूल तो सामना २-१ असा हरले. पुढे त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. त्यात बसलेला धक्का आणि हतबलता कोणालाही ऐकू येते.

मित्रहो, येथे डोळा चुकला नाही, कॅमेरा चुकला नाही. चुकले ते दोन शब्द. 'तपासणी पूर्ण' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्यात निर्णयच नाही. आम्ही भाषेचे शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आलो की, वाक्य लिहिताना ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, याचा विचार करा. मुले म्हणत, 'सर, गुण मिळाले म्हणजे झाले.' त्यांना आता मी हे उदाहरण देईन.

तिसरा प्रसंग आपल्याच राज्याच्या राजधानीतला. ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरूच्या कंठीरव मैदानावर इंडियन सुपर लीगमधील बेंगळुरू आणि केरळ ब्लास्टर्स यांचा बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला. बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू भिंत उभी करीत असतानाच छेत्रीने ती मारली आणि चेंडू जाळ्यात गेला. केरळचे म्हणणे असे की, आम्ही तयार नव्हतो, शिट्टी वाजावयास हवी होती. पंचांनी गोल कायम ठेवला. केरळचा संघ प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून मैदान सोडून निघून गेला. त्यांना पुढे ४ कोटी रुपये दंड झाला. तेव्हाही अनेकांनी व्हीएआर हवे होते असे म्हटले. पण विचार करा, पडद्यावर काय दिसले असते? चेंडू कोठे होता, खेळाडू कोठे उभे होते, हे दिसले असते, आणि त्याविषयी वादच नव्हता. वाद होता तो पंचाने कोणाला काय सांगितले आणि कोणी काय समजून घेतले याचा. हा प्रश्न कॅमेऱ्याने सुटण्यासारखा नव्हता.

या तीन प्रसंगांवरून मी असा निष्कर्ष काढतो की, पंचापुढे येणारे प्रश्न दोन जातींचे असतात. एक, 'चेंडू कोठे होता?' दुसरा, 'त्याचा अर्थ काय?' पहिल्या जातीच्या प्रश्नाला यंत्र उत्तर देऊ शकते, आणि ते घ्यावे. दुसऱ्या जातीच्या प्रश्नाला यंत्र फक्त पुरावा देते, उत्तर माणसालाच द्यावे लागते. हाताला चेंडू लागला हे चित्र दाखविते. हात मुद्दाम तेथे होता का, हे दाखवीत नाही. २०१८ च्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागलेला चेंडू पंचांनी बाजूच्या पडद्यावर पाहिला, पुन्हा माघारी वळून पाहिला, आणि मग फ्रान्सला पेनल्टी दिली. तरीही तो निर्णय बरोबर की चूक, यावर जाणकारांचे एकमत झाले नाही.

पहिल्या जातीच्या प्रश्नातही यंत्राला मर्यादा आहे. खेळाडू सेकंदाला आठ मीटर वेगाने धावत असेल आणि कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रे घेत असेल, तर दोन चित्रांच्या मध्ये तो खेळाडू सोळा सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. मग बोटाच्या पेराएवढ्या अंतरावरून ऑफसाइड ठरविताना छाती कशी धजावते? २०२२ च्या कतारमधील विश्वचषकात छताखाली बारा कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू ते टिपत, आणि चेंडूच्या पोटातले यंत्र सेकंदाला पाचशे वेळा माहिती पाठवीत असे. अचूकता वाढली, यात शंका नाही. पण ती कितीही वाढली, तरी शून्य चूक म्हणता येत नाही. पडद्याला पुरावा मानावे, दिव्य मानू नये, असे मी म्हणतो ते यासाठी. रव्याच्या दिव्यात हात भाजला की वाद संपे, पण सत्य सापडे असे नव्हे.

आणि या सर्वाला जी किंमत मोजावी लागते, तीही पाहावी. गोल झाला की मनुष्य उसळून उठतो. त्या एका क्षणासाठी लोक पावसात उभे राहतात. आता तो उठतो आणि अर्ध्यावर थांबतो, कारण पडद्यावर तपासणी चालू असते. २०२४ साली स्वीडनने ही पद्धत आणावयाची नाही असे ठरविले, त्याच्या मुळाशी तेथील क्लबांचा आणि प्रेक्षकांचा विरोध होता. त्यांच्या भावनेला मी हसणार नाही.

दुसरी किंमत पैशाची. २०२२ साली आशियाई महिला चषकाचे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाले, तेव्हा उपान्त्यपूर्व फेरीपासून ही यंत्रणा वापरली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, नवी मुंबई आणि घाट उतरला की लागणाऱ्या आपल्या शेजारच्या मडगावात झाला, तेथेही ती होती. म्हणजे यंत्रणा आपल्या दारापर्यंत आली आणि पाहुण्यासारखी परत गेली. देशातल्या स्पर्धांना ती परवडणे सोपे नाही. आता एक स्वस्त पद्धत निघाली आहे. २०२४ साली कोलंबियातील वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ती आजमावली गेली. तीत वेगळी खोली नाही, पडद्यापुढे बसलेले पंच नाहीत. प्रशिक्षकाने दोनदा दाद मागावयाची आणि मैदानावरील पंचानेच बाजूच्या पडद्यावर जाऊन पाहावयाचे. मला हा मार्ग आशादायक वाटतो. तरीसुद्धा जगातले बहुतेक सामने कॅमेऱ्याशिवायच होतात आणि होत राहतील. आपल्या शाळेच्या मैदानावर, जांबोटीच्या किंवा लोंढ्याच्या मैदानावर पंच एकटा असेल, गळ्यात शिट्टी असेल आणि पाऊस असेल. तेथे न्याय कोण करणार?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खानापूरच्या श्रोत्यांना रेषा म्हणजे काय, हे समजावून द्यावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत एक रेषा ओढली गेली. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालात बेळगाव कर्नाटकात राहावे आणि खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्रात जावे अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, शिफारशी अमलात आल्या नाहीत. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. या शाळेच्या व्यासपीठावरून मी त्याचा निवाडा करणार नाही. या सभागृहात मराठी बोलणारे आहेत, कानडी बोलणारे आहेत, आणि दोन्ही बोलणारे तर बहुतेक सगळेच आहेत. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, निकालाची वाट पाहत असतानाही जगावे लागते, शेजारधर्म पाळावा लागतो, मुलांना एकाच मैदानावर खेळावे लागते. अखेरचा पंच बोलेपर्यंत न्याय स्थगित ठेवता येत नाही. तो रोजच्या व्यवहारात आपला आपणच थोडाथोडा करावा लागतो.

फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईत वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना होता. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. पंचांनी बॉब टेलरला यष्टिरक्षकाकडे झेलबाद दिले. तो जागेवरच घुटमळला. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या भारताच्या कर्णधाराला वाटले की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्याने पंचांना निर्णय मागे घेण्याची विनंती केली आणि टेलरला परत बोलाविले. टेलर आणि बोथम यांनी पुढे १७१ धावांची भागी केली, आणि भारत दहा गड्यांनी हरला. तो कर्णधार म्हणजे कर्नाटकाचा गुंडाप्पा विश्वनाथ. त्या दिवशी तिसरा पंच नव्हता, पडदा नव्हता. ज्याच्या लाभाचा निर्णय होता, त्यानेच तो दुरुस्त केला. तसेच २०१२ च्या सप्टेंबरात इटलीत लात्सिओच्या मिरोस्लाव्ह क्लोजे याने नेपल्सच्या संघाविरुद्ध केलेला गोल पंचांनी मान्य केल्यावर स्वतः सांगितले, 'माझ्या हाताला लागला होता,' आणि गोल रद्द झाला. त्याचाही संघ तो सामना हरला.

आता माझी गोष्ट.

१९६६ च्या पावसाळ्यात याच मैदानावर शेजारच्या गावातील शाळेशी आमचा सामना झाला. मला धड धावता येत नसे, म्हणून गोलरक्षक केलेले होते. सर स्वतः पंच होते. आम्ही एका गोलाने पुढे होतो. मुसळधार पावसाने चुन्याची रेषा पुसून गेली होती. अखेरच्या मिनिटांत समोरच्या एका किरकोळ अंगाच्या मुलाने चेंडू मारला. तो माझ्या छातीला लागला, मी त्याच्यासकट मागे पडलो आणि तेथेच, गोलाच्या आत, चिखलात बसलो. डोळे उघडले तेव्हा सर मैदानाच्या मध्याजवळ घसरून उठत होते. मी चेंडू पोटाशी धरला, गुडघ्यावर दोन पावले पुढे सरकलो आणि उभा राहिलो. सर धावत आले. त्यांनी खाली पाहिले, माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. त्यांनी 'खेळ चालू' अशी खूण केली. तो मुलगा माझ्याकडे पाहत उभा होता. त्याने तक्रार केली नाही. आम्ही जिंकलो.

संध्याकाळी जाळी गुंडाळताना सरांनी विचारले, "चेंडू कुठं होता रे?" मी म्हणालो, "रेषेवर होता, सर." ते म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. मी पुढे शिकलो, प्राध्यापक झालो, नीतिमूल्यांवर भाषणे दिली. ते 'बरं' माझ्या कानातून गेले नाही.

सर निवृत्त झाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो आणि एकदाचे सांगून टाकले. ते पडवीत बसले होते. म्हणाले, "अरे, मला त्याच दिवशी ठाऊक होतं. रेषा वाहून गेली होती, पण तू बसलास त्याचा खड्डा खांबांच्या मागं होता. सामना संपल्यावर मी जाऊन पाहिला."

मी विचारले, "मग सर, तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"तुला विचारलं होतं की. तू उत्तर दिलंस. शिक्षकानं एकदा विचारावं, पुन्हा पुन्हा विचारलं की ती पोलिसी होते." थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्या रात्री मी त्यांच्या मास्तरांना कार्ड टाकलं होतं. लिहिलं, आजचा निकाल चुकला, चूक माझी. तुमच्या पोरांना वाचून दाखवा."

त्यांनी माझे नाव लिहिले नव्हते. एकोणीसशे सहासष्ट साली, कॅमेरा नसताना, पंधरा पैशांचाही खर्च न करता, सरांनी खड्डा पाहून पुनर्विलोकन केले होते, निर्णय चुकीचा ठरविला होता आणि तो ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना कळविलाही होता. सामन्याचा निकाल त्यामुळे बदलला नाही. पण शेजारच्या गावच्या त्या मुलांना इतके तरी कळले की, आपला गोल झाला होता आणि तो झाल्याचे कोणीतरी मान्य केले. दोहाच्या सामन्यानंतर आपल्या खेळाडूंना एवढेही मिळाले असते, तर त्यांचे दुःख पुष्कळ हलके झाले असते, असे मला वाटते.

मला ते पत्र कधी पाहावयास मिळाले नाही, आणि त्या किरकोळ अंगाच्या मुलाची भेटही झाली नाही. तो आज असेल तर माझ्याच वयाचा असेल. कदाचित या तालुक्यातच असेल. म्हणून मी आज याच मैदानाशेजारी, सर्वांसमक्ष सांगतो : चेंडू रेषेवर नव्हता. तो आत होता. गोल झाला होता.

मुलांनो, तुमच्या हयातीत यंत्रे आजच्याहून किती तरी तीक्ष्ण होतील. त्यांचा दुस्वास करू नका. जेथे ती सत्य दाखवितात, तेथे ती अवश्य वापरा. जो पंच पडद्याकडे पाहून आपला निर्णय बदलतो, त्याची हेटाळणी करू नका. चूक मान्य करण्याला मोठे धैर्य लागते. पण यंत्र येईपर्यंत थांबूही नका. जेथे कॅमेरा नाही, तेथे रेषेच्या सर्वांत जवळ असणारा माणूस म्हणजे तुम्ही स्वतः. त्याला विचारले गेले, तर त्याने खरे सांगावे. मी ते सांगितले नव्हते. तुम्ही सांगा.